दिव्यांग मुलांसाठी करिअरची चाचपणी: कामावरच्या माणसाला भेटून काय आणि कसं विचारायचं

दिव्यांग मूल दहावी-बारावीला आलं की नातेवाइकांचा सल्ला ठरलेला असतो: "कोटा आहे ना? मग सरकारी नोकरीच बघा." कमी दिसत असेल तर बँक, ऐकू येत नसेल तर टायपिंग नाहीतर चित्रकला, व्हीलचेअर असेल तर कॉल सेंटर. मुलाला काय आवडतं हे कुणी विचारत नाही. त्या बँकेत किंवा कॉल सेंटरमध्ये सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत माणूस नेमकं काय करतो, हे तर सल्ला देणाऱ्यालाही माहीत नसतं.

आम्ही ठाण्यात राहतो. माझ्या मुलीची दृष्टी कमी आहे. ती अकरावीत असताना आम्ही एक उद्योग सुरू केला. तिला ज्या कामाची उत्सुकता वाटेल, ते काम रोज करणाऱ्या माणसाला गाठायचं, वीस मिनिटं मागायची, प्रश्न विचारायचे आणि घरी यायचं. नोकरी मागायची नाही. याला इन्फर्मेशनल इंटरव्ह्यू म्हणतात. आमच्या घरात "भेट" म्हणतात, इथेही मी तेच म्हणणार आहे. पुढे सोसायटीतल्या आणि तिच्या ओळखीच्या काही मुलांनाही यात मदत केली, त्यामुळे वेगवेगळ्या अडचणी बघायला मिळाल्या.

एक नियम आधीच सांगते, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. "आमचा मुलगा हे काम करू शकेल का?" हा प्रश्न भेटीत विचारायचा नाही. समोरचा माणूस दयेपोटी "हो हो, का नाही" म्हणतो, किंवा घाबरून "कठीण आहे हो" म्हणतो, आणि दोन्ही उत्तरं निरुपयोगी असतात. मूल काय करू शकतं ते मुलाला माहीत आहे. काम काय मागतं ते समोरच्याला माहीत आहे. भेटीत फक्त दुसरी गोष्ट विचारायची आणि मेळ घरी घालायचा.

१. यादी मुलाने करायची

"तुला काय व्हायचंय?" या प्रश्नाला सोळा वर्षांचं कुठलंही मूल डॉक्टर-इंजिनिअर असं काहीतरी ठोकून देतं. त्याऐवजी, कंटाळा न येता तासभर काय करतोस ते विचारा. कुणी लोकलचं वेळापत्रक तोंडपाठ म्हणून दाखवतं, कुणी मोबाइल उघडून बघतं, कुणी घरातल्या भांडणात दोन्ही बाजू मांडतं. तिथून कामांकडे या.

आमच्या यादीत वकिली, रेडिओ आणि बेकरी अशी तीन नावं होती. बेकरी ऐकून आजी हसली, पण नाव यादीत राहिलं. तुमच्या मनात "हे कसं जमणार" असं आलं तरी यादीला हात लावू नका. खोडायचं असेल तर भेटीनंतर मूलच खोडेल, आणि त्याला कारणही सांगता येईल.

२. दोन प्रकारची माणसं शोधा

पहिला प्रकार म्हणजे ते काम करणारा माणूस, दिव्यांग असो वा नसो. दुसरा म्हणजे तुमच्या मुलासारखंच अपंगत्व असलेला आणि कुठलंही काम करणारा माणूस. पहिला कामाबद्दल सांगतो. प्रवास कसा करायचा, साहेबाला कधी सांगायचं, सहकाऱ्यांकडून काय मागायचं आणि काय मागायचं नाही, हे दुसरा सांगतो. दोन्ही एकाच माणसात सापडलं तर उत्तमच, पण त्यासाठी अडून बसलात तर वर्ष निघून जाईल.

पहिल्या प्रकारची माणसं आपल्याकडे मुबलक आहेत. वागळे इस्टेटमधली वर्कशॉप आणि छपाईची कामं, ठाणे-बेलापूर रस्त्याकडेच्या एमआयडीसीतले कारखाने, ऐरोली-महापे-घणसोलीतली आयटीची ऑफिसं, वाशीचं एपीएमसी मार्केट, बेलापूरला कोकण भवन आणि सिडकोची कार्यालयं. सुरुवात मात्र सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून करा. "रेडिओत किंवा आवाजाच्या कामात कुणाच्या ओळखीचं आहे का?" एवढा एक मेसेज टाकला की कुणाचा तरी चुलतभाऊ निघतोच. लघुउद्योजक हवे असतील तर ठाण्यात टिसा आणि नवी मुंबईत ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन या त्यांच्या संघटना आहेत.

दुसऱ्या प्रकारची माणसं शोधायला थोडी मेहनत लागते. वाशीत नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांगांच्या शिक्षण-प्रशिक्षणाचं ईटीसी केंद्र आहे, तिथे येणाऱ्या पालकांशी बोला. बौद्धिक अपंगत्व असेल तर राष्ट्रीय संस्थेचं म्हणजे एनआयईपीआयडीचं प्रादेशिक केंद्र खारघरला आहे. कर्णबधिर मुलांसाठी वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग संस्था, अंध आणि अल्पदृष्टी मुलांसाठी वरळीची नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड आणि सेंट झेवियर्स कॉलेजमधलं रिसोर्स सेंटर आहे. मुलाच्या शाळेतले माजी विद्यार्थी तर हमखास. लोकलच्या दिव्यांग डब्यात रोज भेटणारी माणसंही विसरू नका. त्या डब्यात दोन महिने प्रवास केलात तर कुठल्या ऑफिसात लिफ्ट बंद असते आणि कुठला साहेब समजूतदार आहे, हे न विचारताही कळतं.

३. निरोप कसा पाठवायचा

मेसेज मुलाच्या नावाने आणि मुलाच्या नंबरवरून जावा. टाइप करायला वेळ लागत असेल तर व्हॉइस नोट चालते. हा नमुना घ्या आणि आपल्या भाषेत बदला:

"नमस्कार मॅडम. मी अमुक, ठाण्यात बारावी कॉमर्सला शिकते. आपला नंबर तमुक काकांनी दिला. वकिलाचं रोजचं काम कसं असतं हे मला काम करणाऱ्या व्यक्तीकडूनच समजून घ्यायचं आहे. आपल्या सोयीने वीस मिनिटं भेटता येईल का? मी नोकरी किंवा इंटर्नशिप मागत नाही, फक्त काही प्रश्न आहेत. मला कमी दिसतं, त्यामुळे इमारतीच्या गेटपाशी कुणी भेटलं तर सोपं जाईल. सोबत आई असेल."

अपंगत्वाचा उल्लेख किती करायचा? सोय मागण्यापुरता. आजाराचं नाव, टक्केवारी, ऑपरेशनं यातलं काही नको. उल्लेख अजिबात टाळूही नका, नाहीतर दारात पोचल्यावर समोरचा गांगरतो आणि वीसपैकी दहा मिनिटं त्याला सावरण्यात जातात. शेवटी काय लिहायचं ते मुलाने ठरवायचं.

वेळ बघून मेसेज पाठवा. मार्चअखेरीस बँकवाले आणि जुलैत सीए उत्तर देत नाहीत. गणपतीत कुणीच देत नाही. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, मग पुढच्या माणसाकडे वळा. मौनाचा अर्थ लावत बसू नका. आम्हाला तर एकाने चार महिन्यांनी "सॉरी, आत्ता बघितलं" म्हणून फोन केला आणि त्याच आठवड्यात बोलावलं.

४. जाण्याआधीची तयारी

सोबत न्यायच्या वस्तू:

– मुलाचं फोटो ओळखपत्र. आयटी पार्कच्या गेटवर पास बनवायला लागतं.
– यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) किंवा अपंगत्वाचं प्रमाणपत्र, फक्त प्रवासासाठी. भेटीत ते पिशवीतून काढायचं नाही.
– प्रश्नांचा कागद, मुलाला वाचता येईल अशा रूपात: मोठ्या अक्षरांत, ब्रेलमध्ये, चित्रांत किंवा फोनमध्ये.
– वही किंवा रेकॉर्डर. रेकॉर्ड करायचं तर आधी विचारा.
– रोज वापरातली साधनं: भिंग, श्रवणयंत्राच्या जादा बॅटऱ्या, कम्युनिकेशन बोर्ड (चित्रांवर-शब्दांवर बोट ठेवून बोलायची पाटी), पॉवर बँक.

बायोडाटा नेऊ नका. तो टेबलावर आला की समोरच्याला वाटतं, नोकरी मागायलाच आले आहेत. मग तो जपून बोलायला लागतो.

गेटवरच्या सुरक्षेची चौकशी आदल्या दिवशी करा. काही ऑफिसांत फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात, तर काही बीपीओंच्या फ्लोअरवर फोन नेताच येत नाही. फोनमधूनच भिंगाचं किंवा ऐकलेलं लिहून दाखवण्याचं काम घेणारी मुलं तिथे अडकतात. ज्याला भेटायचंय त्याला आधी सांगितलं तर तो कँटीनमध्ये किंवा खाली लॉबीत भेटतो. आणि फ्लोअरवर फोन चालत नाही ही कामाबद्दलची मोठी माहितीच झाली, ती वहीत लिहून ठेवा.

व्हीलचेअर किंवा कुबड्या असतील तर "लिफ्ट आहे का?" एवढं विचारून भागत नाही. लिफ्ट असते, पण तिच्यापर्यंत जायला तीन पायऱ्या असतात. रिक्षा थांबते तिथपासून खुर्चीपर्यंतच्या वाटेत कुठे पायरी आहे का आणि टॉयलेटचं दार किती रुंद आहे, हे विचारा. शक्य असेल तर फोटो मागवा. समोरच्यालाही पहिल्यांदाच आपल्या ऑफिसच्या पायऱ्या दिसतात.

मूल खुणांची भाषा वापरत असेल तर दुभाष्याची व्यवस्था आधी करा. नाहीतर सरळ लेखी गप्पांची भेट ठरवा, व्हॉट्सअ‍ॅपवर समोरासमोर बसून टाइप करत. बोललेलं लगेच लिहून दाखवणारं लाइव्ह ट्रान्स्क्राइब हे अ‍ॅप मराठीतही चालतं, पण मशीनच्या आवाजात आणि मराठी-इंग्रजीच्या मिसळीत गडबडतं. त्याच्या एकट्याच्या भरवशावर जाऊ नका.

प्रवास गर्दी टाळून करा. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने ऐरोली, रबाळे, घणसोलीला सकाळी नऊला जाणं म्हणजे मूल पोचतं तेव्हाच दमलेलं. भेट अकरा-साडेअकराला ठेवा. एकदा मात्र मुद्दाम ऑफिसच्या वेळेला त्याच वाटेने जाऊन बघा, कारण नोकरी लागली तर तो प्रवास रोजचा आहे. पावसाळ्यातला एखादा दिवसही बघून ठेवा.

५. काय विचारायचं

प्रश्न जितके ठोस तितकं उत्तर कामाचं. "तुमच्या कामाबद्दल सांगा" म्हटलं की भाषण ऐकायला मिळतं. "काल ऑफिसला आल्यापासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत काय काय केलंत?" असं विचारलं की खरं काम दिसतं. आम्हाला उपयोगी पडलेले प्रश्न असे:

– दिवसातला किती वेळ बसून, उभं राहून, फिरून जातो?
– वाचायचं किती असतं? कागदावर, स्क्रीनवर, की हाताने लिहिलेलं?
– कुठलं सॉफ्टवेअर वापरता? माऊस न धरता, फक्त कीबोर्डवर चालतं का?
– फोनवर बोलणं किती, समोरासमोर किती, लेखी किती?
– कामाची घाई कधी असते? त्या दिवसांत किती वाजता घरी जाता?
– नवीन माणसाचं कोणत्या गोष्टीत चुकतं?
– टीममधलं कोणतं काम एकमेकांत वाटून घेता येतं आणि कोणतं ज्याचं त्यालाच करावं लागतं?
– तुम्ही इथे कसे आलात? कोणता कोर्स खरंच उपयोगी पडला, कोणता नुसता कागद ठरला?
– याबद्दल आणखी कुणाशी बोलू?

शेवटचा प्रश्न कधीही गाळू नका, पुढची भेट त्यातूनच मिळते. वाटून घेण्याचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. कामाचा एखादा भाग जमत नाही म्हणून पूर्ण काम सोडायचं, की तो भाग सहकाऱ्याला देऊन त्याचा दुसरा आपण घ्यायचा, हे त्यावर ठरतं.

बेकरीच्या भेटीबद्दल थोडं सांगते. कमी दिसणाऱ्या मुलीला भट्टीचा धोका, हे आम्ही सगळ्यांनी धरूनच चाललो होतो. बेकरीवाले काका म्हणाले, "पाव भाजला की वासावरून कळतं, घड्याळ बघत कोण बसतं." कणीक हाताला कळते आणि ट्रेच्या जागा ठरलेल्या असतात. अडचण निघाली ती पाकिटांवरच्या बारीक तारखा आणि काट्यावरचे पुसट आकडे वाचण्याची. त्यावर उपाय आहेत, बोलणारा काटा मिळतो. दुसरी अडचण कुणाच्या डोक्यातही नव्हती. भट्टी पहाटे साडेतीनला पेटते, आणि माझ्या मुलीला अंधारात जवळजवळ दिसत नाही. मग तिनेच विचारलं, "दिवसाच्या पाळीत काय काम असतं?" केक आणि सजावटीचं दिवसा असतं. घरी बसून कितीही विचार केला असता तरी हे सुचलं नसतं.

६. तुम्ही कुठे बसायचं

मुलाच्या थोडं मागे आणि बाजूला. पोचल्यावर आपली ओळख करून द्या आणि गप्प बसा. हे फार अवघड आहे, मी अजून शिकतेच आहे.

समोरचा माणूस हमखास तुमच्याकडे बघून बोलणार: "याला चहा चालतो का?" तेव्हा हसून म्हणायचं, "त्यालाच विचारा ना." दोनदा असं झालं की लोक वळणावर येतात. मुलाला बोलायला वेळ लागत असेल, सेरेब्रल पाल्सीमुळे शब्द अडत असतील, तरी वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. मुलाने सुरुवातीलाच सांगून टाकावं: "मी सावकाश बोलतो, समजलं नाही तर पुन्हा विचारा." मदत हवी असेल तेव्हाची एखादी खूण घरीच ठरवून ठेवा. खूण होईपर्यंत तोंड बंद.

काहीजण कौतुकावर उतरतात. "तुझी जिद्द बघून आम्हालाच लाज वाटते" वगैरे. त्यांना आभार मानून पुढच्या प्रश्नाकडे न्यायचं, ही युक्ती मुलाला शिकवून ठेवा. कुणी फोटो काढून "प्रेरणादायी" म्हणून टाकायला निघालं तर नको म्हणण्याचा हक्क मुलाचा आहे. वीस मिनिटं झाली की मुलानेच उठायचं. समोरच्याने बसवून घेतलं तर बसा.

७. बोलण्यापेक्षा बघणं सोयीचं असेल तर

ऑटिझम किंवा बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांना नुसत्या प्रश्नोत्तरांत फारसं काही मिळत नाही. त्यांच्यासाठी भेट दहा मिनिटांची ठेवा आणि जिथे काम चालू आहे तिथे उभं राहून बघू द्या. जागेचा आणि माणसाचा फोटो आधी मागवून मुलाला दाखवा. चार चित्रकार्डं पुरतात: आवाज किती, माणसं किती, हाताने काय करायचं, सुट्टी कधी. एका ओळखीच्या मुलाने छपाईच्या वर्कशॉपमध्ये एकही प्रश्न विचारला नाही, पण कागदाच्या गठ्ठ्याच्या कडा जुळवायच्या टेबलापाशी तो अर्धा तास उभा राहिला. पॅकिंगच्या खोलीतून मात्र दोन मिनिटांत बाहेर आला, तिथला एक्झॉस्ट फॅन कर्कश होता. एवढ्यावरून त्याच्या घरच्यांना पुढची दिशा मिळाली.

८. घरी आल्यावर

त्याच संध्याकाळी मुलाने दोन ओळींचे आभार पाठवावेत. मग वहीत चार रकाने: काम काय मागतं, मला काय जमतं, कोणती सोय मिळाली तर जमेल, मला आवडलं का. शेवटचा रकाना आई-बाबांनी भरायचा नाही. एका कामाच्या निदान तीन माणसांना भेटल्याशिवाय ते काम खोडू नका. एकाच्या वाईट साहेबामुळे सगळा पेशा वाईट ठरत नाही.

आता कायद्याकडे या, आधी नको. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत. अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण आहे, आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ५ टक्के जागा राखीव असतात. त्या ४ टक्क्यांतला १ टक्का अंध व अल्पदृष्टींसाठी, १ टक्का कर्णबधिरांसाठी, १ टक्का चलनविषयक म्हणजे हालचालीच्या अपंगत्वासाठी. उरलेला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक अपंगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यासाठी.

कोट्यातली जागा म्हणजे कुठलीही जागा नव्हे. केंद्र सरकारने जानेवारी २०२१ मध्ये पदांची यादी जाहीर केली आहे. प्रत्येक पदापुढे बसणं, उभं राहणं, वाकणं, उचलणं, बोटांनी हाताळणं, वाचणं-लिहिणं, बघणं, ऐकणं, बोलणं यातलं काय लागतं ते दिलं आहे, आणि ते पद कोणत्या अपंगत्वाला खुलं आहे तेही. तुमची वही या यादीशेजारी ठेवून वाचा. परीक्षा पास होणं आणि पद हातात पडणं यात अंतर असू शकतं. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यूपीएससीत ७७३ व्या आल्या, तेव्हा दृष्टी नसल्याच्या कारणावरून रेल्वेच्या लेखा सेवेत त्यांना घेतलं गेलं नाही. पुढच्या वर्षी त्या १२४ व्या आल्या आणि आयएएस झाल्या.

खासगी कंपन्यांत आरक्षण नाही. पण वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं असतं, त्यात दिव्यांगांसाठी कोणती पदं आणि कोणत्या सोयी आहेत ते लिहावं लागतं. कंपनीच्या वेबसाइटवर ते "इक्वल ऑपॉर्च्युनिटी पॉलिसी" या नावाने शोधा. कंपनीतल्या माणसाला पुन्हा भेटाल तेव्हा "धोरणात स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) लिहिलाय, प्रत्यक्षात कुणी वापरतं का?" असं विचारता येतं.

मुलाच्या क्षमतांची रीतसर तपासणी हवी असेल तर सायनला एनएसटीआय (पूर्वीचं एटीआय) या सरकारी प्रशिक्षण संस्थेच्या आवारात केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस सेंटर फॉर डिफरंटली एबल्ड आहे. वही सोबत न्या. "मला काय करता येईल?" असं विचारण्याऐवजी "मला केकचं काम शिकायचंय, त्यासाठी काय तयारी लागेल?" असं विचारलं की तिथलं बोलणं पुढे सरकतं.

या फिरण्यात "दिव्यांग कोट्यातून लावून देतो, एवढे भरा" म्हणणारा कुणीतरी भेटेलच. पैसे देऊ नका, आणि मूळ प्रमाणपत्र किंवा यूडीआयडीची झेरॉक्सही त्याच्या हाती ठेवू नका.

ज्यांच्याशी सूर जुळला त्यांना बारावीचा निकाल लागला की मुलाने कळवावं. सुट्टीत एक पूर्ण दिवस शेजारी बसून काम बघू द्याल का, हेही त्याच मेसेजमध्ये विचारून घ्यावं.